आधी गाव गप्प केले जाते

गडचिरोली जिल्ह्यात २००९ या एका वर्षात माओवाद्यांच्या हल्ल्यांत पन्नासच्या आसपास पोलिस मारले गेले. १ फेब्रुवारीला धानोरा तालुक्यातील मरकेगावच्या जंगलात १५, २१ मे रोजी त्याच तालुक्यातील हत्तीगोटा येथे १६ (त्यांत पाच महिला पोलिस होत्या) आणि ८ ऑक्टोबरला, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना, भामरागड तालुक्यातील लाहेरीजवळ १७. या तारखा महाराष्ट्राच्या ध्यानात राहिल्या आणि ते योग्यच झाले. पण याच जिल्ह्यात, याच काळात, आणि त्याच्या आधी-नंतरही, रात्री घरातून उठवून नेलेले आणि सकाळी रस्त्याकडेला सापडलेले शेतकरी, पोलिस पाटील, कोतवाल, माजी सरपंच, शिकलेली पोरे यांच्या तारखा कोणाला आठवतात? चार दशकांच्या सरकारी नोंदींत मारले गेलेले पोलिस आणि जवान दोनशेच्या पुढे जातात, तर सामान्य नागरिक पाचशेच्या पुढे. यातला मोठा आकडा वर्तमानपत्रांत एकेक माणसाने, चार ओळींच्या बातमीत येत राहिला, म्हणून तो मोठा वाटला नाही. या प्रस्तावनेत मला जे म्हणायचे आहे ते या दोन आकड्यांच्या नात्याबद्दल आहे. जवानांवरचा हल्ला आणि नागरिकाची हत्या या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून वाचल्या जातात. एक युद्ध, दुसरी अतिरेक. माझे म्हणणे असे की दुसरी झाल्याशिवाय पहिली होऊच शकत नाही.

हा विषय जगात सर्वांत तपशिलाने अभ्यासला गेला तो उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणून तिकडे थोडे वळायला हवे. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून १० एप्रिल १९९८च्या गुड फ्रायडे करारापर्यंत त्या चिमुकल्या प्रदेशात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. एका बाजूला आयर्लंड एक व्हावे म्हणून लढणारी आयआरए, दुसऱ्या बाजूला ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या प्रोटेस्टंट सशस्त्र संघटना, आणि मध्ये ब्रिटिश सैन्य व पोलिस. आयआरएने स्वतःची ओळख कायम सैन्याशी लढणारे सैन्य अशी करून दिली. २७ ऑगस्ट १९७९ रोजी वॉरनपॉइंट येथे तिने १८ ब्रिटिश सैनिक मारले. त्याच दिवशी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एका होडीत बॉम्ब फुटला आणि आपले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन मारले गेले. भारतीय वाचकाला माउंटबॅटन आठवतात; त्या होडीत पंधराच्या आतबाहेरची दोन मुलेही मेली, ती आठवत नाहीत. सगळा हिशेब मांडला तेव्हा मेलेल्यांत निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक निघाले. आणि त्यांतला एक वर्ग असा होता की ज्याला ‘आपल्याच’ माणसांनी मारले. डिसेंबर १९७२ मध्ये बेलफास्टमधील दहा मुलांच्या विधवा आईला घरातून नेण्यात आले. तिच्यावर सैन्याची खबरी असल्याचा आरोप होता. तिचा मृतदेह २००३ साली समुद्रकिनाऱ्यावर सापडला, आणि २००६ मध्ये तिथल्या पोलिस लोकपालांनी नोंदवले की ती खबर देत होती याचा कसलाही पुरावा नाही. एकतीस वर्षे ती मुले आईविना तर वाढलीच, त्याहून वाईट म्हणजे ‘फितूर बाईची मुले’ म्हणून वाढली.

आयर्लंड आणि गडचिरोली यांची गल्लत करू नये. तिथला वाद धर्मपंथांच्या रेषेवर उभा होता, इथला तसा नाही. तिथे शहरांतल्या गल्ल्या होत्या, इथे जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगल आहे. पण लपून लढणाऱ्या सशस्त्र संघटनेला ज्या एका गोष्टीची गरज असते ती दोन्हीकडे एकच: भोवतालच्या लोकांनी पाहावे आणि बोलू नये.

ही गरज कशी निर्माण होते ते पाहण्यासाठी सुरुवातीकडे जावे लागेल. कोंडापल्ली सीतारामय्या यांच्या माओवादी विचारांच्या पीपल्स वॉर ग्रुपची दलमे, म्हणजे सशस्त्र तुकड्या, १९८० मध्ये प्राणहिता ओलांडून सिरोंचा भागात आली. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हाही तेव्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्या वेळी जंगलातल्या माडिया-गोंड माणसासाठी सरकार म्हणजे फॉरेस्ट गार्ड. लाकूड तोडले म्हणून दंड, दंड नको म्हणून कोंबडी, आणि वर वेठ. तेंदूपत्त्याचा सत्तर पानांचा पुडा बांधायचा, शंभर पुड्यांना हातावर काय टेकवायचे ते ठेकेदाराने ठरवायचे. बांबू तोडणाऱ्याची मजुरीही अशीच. दलमांनी ठेकेदारांना धाक घातला, दर वाढले. गार्डांना धाक घातला, वेठ कमी झाली. हे खरे आहे आणि ते नाकारून या विषयावर कोणी प्रामाणिकपणे लिहू शकणार नाही. आयर्लंडमध्येही घरे, नोकऱ्या आणि मत यांत कॅथलिकांवर होणारा अन्याय खराच होता, आणि तो बंदुकीच्या आधी मोर्चांतून मांडला गेला होता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. लोकांना हक्क मिळवून दिले ते बंदुकीनेच, सरकार दुसऱ्या कशाला दाद देते? याचे उत्तर धानोरा तालुक्यातच आहे, आणि तेही त्याच २००९ सालात. ज्या तालुक्यात मरकेगाव आणि हत्तीगोटा घडले, त्याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या लहानशा गावाला त्या वर्षी सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २००६च्या वनहक्क कायद्याखाली असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. देवाजी तोफा आणि गावकरी, त्यांच्यासोबत मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते, यांनी त्याआधी कित्येक वर्षे ग्रामसभा चालवली होती. निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घ्यायचा, अभ्यास मंडळात बसून कायदा वाचायचा, मग अर्ज करायचा, नाकारला की पुन्हा करायचा. हक्क मिळाल्यावरही वन विभाग बांबूच्या वाहतुकीचे परवाने देईना, तेव्हा ते आपला बांबू जाहीरपणे विकायला निघाले. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. त्यानंतर जिल्ह्यातील शेकडो गावांना असे हक्क मिळाले, आणि तेंदू-बांबूचा लिलाव ग्रामसभा स्वतः करू लागल्या. पुड्याचा दर वाढवणे आणि पुड्याचे मालक होणे यांत फरक आहे. बंदुकीने दर वाढला, पण ठेकेदार राहिला. उलट त्याच्याकडून येणारी खंडणी हा दलमांचा मोठा आधार झाला. मेंढ्यात ठेकेदाराची गरजच संपली. आणि ती संपली ती गावाने बोलल्यामुळे. सगळ्यांनी सगळ्यांसमोर बोलायचे, हा ग्रामसभेचा पाया. जिथे दलमाविरुद्ध बोलणारा माणूस सकाळी जिवंत राहील की नाही याची खात्री नाही, तिथे सर्वसहमती कसली? मेंढ्याने केले ते इतर गावांना करायला वीस-तीस वर्षे उशीर झाला याला सरकारी अनास्था जबाबदार आहेच, पण ही भीतीही तितकीच जबाबदार आहे.

आता हल्ल्याच्या प्रत्यक्ष यंत्रणेकडे. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. पहाटे कुरखेडा तालुक्यातील दादापूर येथे रस्त्याच्या कामावरची वाहने माओवाद्यांनी जाळली. कुरखेड्याहून शीघ्र कृती दलाचे जवान खासगी गाडीने तिकडे निघाले. जांभुळखेड्याजवळ लेंढारी नाल्यावर भूसुरुंग फुटला. १५ जवान आणि गाडीचा चालक असे सोळा जण गेले. जाळलेली वाहने हे आमंत्रण होते, सापळा रस्त्यात होता. असा सापळा एका रात्रीत आणि कोणाच्याही नजरेस न पडता तयार होत नाही. खड्डा खणावा लागतो, माती पूर्ववत करावी लागते, तार दूर झाडीपर्यंत न्यावी लागते, मोक्याच्या जागी टेहळणीसाठी माणूस बसवावा लागतो. जंगलात वावरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून ताजी उकरलेली माती सुटत नाही. त्याचे पोटच पाऊलखुणा वाचण्यावर चालते. म्हणजे अशा प्रत्येक सुरुंगाला कुणाचे तरी गप्प राहणे लागते. हे गप्प राहणे म्हणजे पाठिंबा, असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझा तीव्र मतभेद आहे. एखाद्या विशिष्ट गावाला काय माहीत होते, हेही मी सांगत नाही. मी एवढेच म्हणतो की शांतता ही या युद्धातली पहिली रसद आहे, आणि ती कशी गोळा केली जाते ते त्या चार ओळींच्या बातम्यांत लिहिलेले आहे.

त्यांपैकी एक बातमी जवळून पाहू. २२ एप्रिल २०१८ रोजी इंद्रावतीच्या काठी बोरिया-कसनासूर परिसरात पोलिसांच्या सी-६० पथकाने माओवाद्यांना घेरले. त्या चकमकीत आणि लगोलग झालेल्या दुसऱ्या चकमकीत मिळून ४० जण मारले गेले. नऊ महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, कसनासूरच्या गावकऱ्यांना माओवाद्यांनी उठवून नेले आणि त्यांपैकी तिघांना मारून मृतदेह कोसफुंडी फाट्याजवळ रस्त्यावर टाकले. आरोप होता: यांनी पोलिसांना खबर दिली. मृतदेह रस्त्यावरच का टाकतात? जंगलात पुरले असते तरी ती माणसे मेलीच असती. पण रस्त्यावरचा मृतदेह एसटीने जाणाऱ्याला दिसतो, बाजाराला निघालेल्याला दिसतो, शाळेत जाणाऱ्या पोराला दिसतो. शिक्षा तिघांना, संदेश तीस गावांना. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच जांभुळखेडा घडले. मी या दोन घटनांत थेट कार्यकारण जोडत नाही. दोन्ही वेगवेगळ्या तालुक्यांत घडल्या. पण कोणत्या हवेत सुरुंग पेरले जातात ते यावरून कळते.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. नागरिकांना मारणे चूक, पण सशस्त्र पोलिसाला मारणे हे युद्धच नव्हे काय? त्याच्या हातातही बंदूक असते. यात नैतिक फरक आहे हे मला मान्य आहे. युद्धाचे नियम हा फरक मानतात आणि मीही मानतो. अडचण अशी की गडचिरोलीत ही रेषा मारणाऱ्यांनीच पुसली. सी-६० हे पथक १९९० मध्ये उभे राहिले ते स्थानिक तरुणांतून. जवान माडिया-गोंड, दलमात गेलेला पोरगा माडिया-गोंड, आणि खबऱ्या म्हणून मारलेला माणूसही माडिया-गोंड. १४ ऑगस्ट २०२० रोजी भामरागड तालुक्यातील कोठी येथे एका पोलिस शिपायाला गोळ्या घालून मारले गेले, ते काही चकमकीत नव्हे. ठाण्याजवळच्या दुकानापाशी तो होता. असे गणवेशाबाहेर, सुट्टीवर, आठवडी बाजारात गाठून मारलेले पोलिस याआधीही आहेत. त्यापुढची पायरी म्हणजे पोलिस भरतीला गेलेला तरुण, मग त्याचा बाप, मग ज्याच्या घरी पोलिसाने पाणी प्यायले तो. जो माणूस कोणाचाच नाही त्याला उभे राहायला जागाच उरत नाही. आणि जांभुळखेड्याच्या गाडीचा चालक? भाड्याची गाडी चालवणारा माणूस. तो योद्धा होता की नागरिक, हा प्रश्न सुरुंगाची कळ दाबणाऱ्याला पडला नाही.

तिसरा आक्षेप टाळता येणार नाही: राज्याच्या हिंसेचे काय? कसनासूरच्या चकमकीनंतर एटापल्ली तालुक्यातील गट्टेपल्ली गावच्या लोकांनी सांगितले की आमची काही तरुण मुलेमुली लग्नाला म्हणून निघाली होती, ती परतलीच नाहीत. हा प्रश्न मानवाधिकार कार्यकर्त्यांनी मांडला, आणि तो मांडणे हे माओवाद्यांची बाजू घेणे नव्हे. प्रा. जी. एन. साईबाबा यांना माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून गडचिरोलीच्या न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये जन्मठेप दिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. नव्वद टक्के अपंगत्व असलेल्या माणसाची तुरुंगातली वर्षे त्या निकालाने परत मिळाली नाहीत, आणि काही महिन्यांत त्यांचे निधनही झाले. आयर्लंडचा दाखला इथे राज्यालाच बोचणारा आहे. ऑगस्ट १९७१ मध्ये खटल्याविना स्थानबद्धता सुरू झाली आणि आयआरएकडे तरुणांची रीघ लागली. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. १३ जण त्या दिवशी गेले, एक जण पुढे जखमांनी. त्याच वर्षीच्या पहिल्या चौकशीने सैन्याला पाठीशी घातले. खरी चौकशी पूर्ण होऊन पंतप्रधान कॅमेरून यांनी संसदेत माफी मागायला १५ जून २०१० उजाडले. कायद्याच्या नावाने बंदूक धरणाऱ्याकडून जास्त अपेक्षा ठेवायची असते, कमी नव्हे.

तरीही यातून ‘दोघे सारखेच’ असा निष्कर्ष निघत नाही. साईबाबांना शिक्षा देणारा निकाल वरच्या न्यायालयाने उलटवला. डेरीचा पहिला अहवाल दुसऱ्या चौकशीने खोटा ठरवला. उशिरा, अपुरे, संतापजनकरीत्या उशिरा, पण उलटवता आले, कारण आरोप कागदावर होता, पुरावा मागता येत होता, वरची पायरी होती. दलमांच्या जन अदालतीत आरोप करणारा, न्याय देणारा आणि गोळी झाडणारा एकच असतो, आणि निकालावर अपील करायला आरोपी उरत नाही. बेलफास्टच्या त्या आईची निर्दोषता शेवटी सांगितली ती लोकपालाने, म्हणजे राज्याच्याच एका संस्थेने. राज्याचा अन्याय मोजण्याचे साधन लोकशाहीत आहे म्हणूनच तो मोजला पाहिजे, आणि दलमांच्या अन्यायाला ते साधन नाही म्हणून तो आपण, वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी, मोजला पाहिजे.

हे सारे पोहरादेवीहून का लिहावे, असे कोणी विचारील. संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे हे गाव वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात आहे. गडचिरोली विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला. पण रामनवमीला इथे जमणाऱ्या बंजारा समाजाच्या इतिहासात या विषयाची एक वेगळी बाजू आहे. लदेणीचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून सैन्यांमागे फिरत. १८०३ मध्ये याच वऱ्हाडात, अकोल्याकडच्या अडगावला आणि पुढे गाविलगडाला, इंग्रज आणि मराठे भिडले तेव्हा इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्याचे पोट मोठ्या प्रमाणात बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होते. लढणाऱ्या दोन्ही बाजूंना तांडा लागत असे, म्हणून सहसा कोणीच तांडा लुटत नसे. ही काही दया नव्हती, गरज होती. शिवाय जुलूम, वेठ आणि लूट कधीच झाली नाही असेही नाही. पण लढाईच्या मधोमध कोणाच्याच बाजूचा नसलेला माणूस असू शकतो आणि त्याने चालते राहावे, एवढे त्या काळच्या सेनापतींनाही समजत होते. पुढे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशभरातल्या अनेक भटक्या समाजांवर जन्मतःच संशय लादला; तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी उठला, आणि महाराष्ट्राच्या यादीत बंजारा आजही विमुक्त जातींत मोजले जातात. पुराव्याविना संशयाचे ओझे वाहणे म्हणजे काय ते तांड्यांना कळते. भामरागडच्या गावकऱ्यावर हाच संशय दोन बाजूंनी येतो: दिवसा पोलिस विचारतात रात्री कोण आले होते, रात्री दलम विचारते दिवसा कोण आले होते. या मधल्या माणसाला दोघांपैकी कोणीही तांड्याइतकी मोकळीक दिली नाही. हा विषय पश्चिम विदर्भापासून दूर आहे असे मानणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी गडचिरोलीतील मर्दिनटोल्याच्या जंगलातल्या चकमकीत २६ माओवादी मारले गेले. त्यांत केंद्रीय समितीचे सदस्य मिलिंद तेलतुंबडे होते, आणि ते आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील वणीजवळच्या राजूरचे.

आता ही कहाणी संपत आली असे म्हटले जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचे ज्येष्ठ नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. शस्त्र ठेवणाऱ्यांचे पुनर्वसन व्हावे, त्यांना सन्मानाने जगता यावे, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आयर्लंडमध्येही कैद्यांची सुटका झाल्याशिवाय करार टिकला नसता. पण ज्यांच्या दारातून माणूस नेला गेला त्यांच्या वाट्याला काय? आरोप अजून तसाच उभा आहे. ज्याला खबऱ्या म्हणून मारले तो खबऱ्या नव्हता, हे त्याच्या मुलांना अधिकृतपणे सांगणारे कोणी नाही. आणि तो खबर देत असला तरी सुरुंग पेरल्याची खबर देणे हा गुन्हा कसा, हे गावात मोठ्याने म्हणणारेही कोणी नाही.

उत्तर आयर्लंडमध्ये करारानंतरच्या वर्षी, १९९९ मध्ये, काही पत्रकारांनी ‘लॉस्ट लाइव्हज’ नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात संघर्षातला प्रत्येक मृत्यू तारखेच्या क्रमाने नोंदवला आहे: सैनिक, आयआरएचा माणूस, दूध टाकायला निघालेला, खबरी ठरवलेला, सगळे एका रांगेत. कोण कोणाचा हे शेवटी वाचकाला कळते, पण आधी कळते की माणूस कसा गेला आणि मागे कोण राहिले. असा ग्रंथ गडचिरोलीचा व्हायला हवा, मराठीत आणि माडिया-गोंडीतही. तो नागपूर-मुंबईत बसून होणार नाही. वनहक्काचे दावे ज्या ग्रामसभांनी नकाशे काढून तयार केले, त्याच ग्रामसभा आपापल्या गावातल्या मृतांची नोंद करू शकतात: नाव, वय, तारीख, कोणी नेले, काय आरोप ठेवला, मागे कोण आहे. दलमांनी मारलेले, पोलिसांच्या गोळीने गेलेले, दलमात जाऊन मेलेले, सगळे त्यात यावेत. गृह विभागाने जुन्या घटनांचे कागद त्यांच्यासाठी खुले करावेत, विद्यापीठांनी विद्यार्थी पाठवावेत, आणि पुढची पाने वाचणाऱ्यांपैकी ज्यांना गोंडी येते, ज्यांचे नातेवाईक तिकडे शिक्षक, आरोग्यसेवक, एसटी कर्मचारी म्हणून राहिले आहेत, त्यांनी या कामाला हात लावावा. ज्यांनी १९८०च्या दशकातल्या पहिल्या हत्या पाहिल्या ती माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. ही नोंद येत्या दहा वर्षांत झाली नाही, तर ती पुढे होणार नाही.

पोहरादेवी, जि. वाशीम